शुक्रवारी मान बसवायची

हडपसर, ५ सप्टेंबर २००७

प्रिय रोहनदादा,
सप्रेम जयभीम.

शुद्धलेखन चुकलं तर हसू नकोस. कॅफेतल्या कीबोर्डवर एकेक अक्षर शोधतेय, फार हळू होतंय. फोनवर तुझ्याशी बोलताना माझं तोंडच उघडत नाही, म्हणून मेल.

तू शुक्रवारी तुझ्या मित्राच्या ऑफिसात माझा इंटरव्ह्यू ठरवलास. मी नाही जाणार. त्याच दिवशी मला व्हायोलिनची मान, म्हणजे वरची लांब दांडी, बसवायचीय. कोथरूडच्या वर्कशॉपात माझ्या तात्यारावांनी, म्हणजे व्हायोलिन बनवायला शिकवणाऱ्या उस्तादांनी, आजवर मला नुसतं घासायला दिलं, आता पहिल्यांदा मान दिलीय. शनिवारी ते महिनाभर लेकीकडे चाललेत, म्हणून दिवस बदलता येत नाही.

व्हायोलिनच्या पोटाला वर खाच असते. तिला आतून खडू लावायचा, मान दाबून बसवायची, काढायची. मानेच्या लाकडाला जिथे खडू लागला तेवढंच पटाशीने तासायचं. परत खडू. जास्त तासलं की मान हलते. तिरकी बसली की तारा एका बाजूला जातात.

मी नववीत शाळा सोडली तेव्हा तू एकटाच ओरडला नव्हतास. आताही ओरडू नकोस. इंटरव्ह्यूला जात नाही हे आईला अजून सांगितलं नाही.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी आमू

बंगळूर, ६ सप्टेंबर

चि. आमू,
जयभीम आणि एक लाडाची चापट.

आपल्या घरातली मुकी मुलगी एवढं बोलते, हे मला माहीत नव्हतं. मित्राला कळवलं. जागा पुन्हा निघेलच असं नाही म्हणाला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? तुला एसीत बसवायचं माझ्या डोक्यात होतं, तू जाऊन भुशात बसलीस. तात्याराव थकले की पुढे काय? लगेच उत्तर नको, विचार कर.

आईला मी सांगितलं. ती म्हणाली, तिचा डबा रोज कोथरूडला जातो तो मीच भरते, मला कळत नाही का?

मान वाकडी बसली तर कळव, इथून हसेन. आठवण काढत जा, त्यात काटकसर नको.
तुझा दादा

हडपसर, ९ सप्टेंबर

प्रिय दादा,
सप्रेम जयभीम.

हस. वाकडी बसली. गरम सरस लावून क्लॅम्प आवळला, बघते तर मान केसभर उजवीकडे. तात्याराव म्हणाले, गिऱ्हाइकाला कळणार नाही, राहू दे. मी म्हणाले, "मला कळतंय. मी काढते."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. त्यांनी पाणी तापवायला ठेवलं. सरस ओला होता तोवर मान काढली, गरम पाण्याने पुसली, परत खडू, परत तासणं. दुसऱ्यांदा लावली तेव्हा त्यांनी एक डोळा मिटून कितीतरी वेळ पाहिलं. मग चष्मा खिशात घातला आणि वर्कशॉपची किल्ली माझ्यापुढे ठेवली. महिनाभर तू बघ, म्हणाले.

आज क्लॅम्प काढला. मांडी घालून बसले, वाजवायला घेतात तसं व्हायोलिनचं टोक पायावर टेकवलं. सरळ आहे, दादा. पुढचा विचार केला. भीती वाटते, पण किल्ली परत द्यावीशी वाटत नाही.

रागावला असशील तरी दिवाळीला ये.
तुझी आमू

ता.क. काल आई पहिल्यांदाच एकटी स्कूटी चालवत मांजरीला भाजी आणायला गेली. धड परत आली. भाजी विसरली.