बाईंचा परिचय आणि उसनी गाळणी

शनि., ४ एप्रिल
आज सकाळी आमच्या चहाच्या गाळणीने देह ठेवला. जाळी मधोमध फाटली. अमेरिकेतल्या या वेस्ट विंडसरमध्ये यच्चयावत गॅजेट्स मिळतात, चहाची धड गाळणी मिळत नाही, याची इतिहासाने नोंद घ्यावी. चहा दातांनी गाळून प्यायले.

दुपारी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांचा, फडकेकाकांचा फोन. पुढच्या शनिवारी बाई येणार, नक्की. म्हणजे कॅनडाच्या त्या कादंबरीकार, ज्यांच्या नायिकांची नावं तिकडे लोक मुलींना ठेवतात. सध्या लेकीकडे, जोनकडे, आपल्याच गावात मुक्काम. स्वतःच्या कादंबरीतलं वाचणार आहेत. परिचय मी करून द्यायचा. "फक्त तिरकं काही नको हं." मंडळावर दर महिन्याला माझ्या सदरात तिरकं लिहिते, तरी मलाच सांगतात. माणसं कमी पडतात, दुसरं काय.

सोम., ६
जोनकडे गेले. बाई ब्याऐंशीच्या. गुडघे गेलेत, जीभ शाबूत. आठ कादंबऱ्यांची नावं लिहून घेत होते, त्यांनी मध्येच थांबवलं. पहिली लिहायला म्हणून नवरा आणि तीन मुलं शेतावर सोडून निघून गेल्या होत्या. विनिपेगला लाँड्रीवरची खोली, अख्खा हिवाळा. "हे सांगणार असशील तर येते. मला देवी करू नकोस."

स्वयंपाकघरात जोन चहा करत होती. गाळणीचं दुःख सांगितलं तर तिने स्वतःची छोटी काढून हातात दिली, नवी मिळेपर्यंत ठेव म्हणाली. मग पाठ फिरवून, हळूच: "तो हिवाळा नको सांगूस. मी नऊ वर्षांची होते. भावांना रोज सांगायचे, आई उद्या येईल. आणि मी त्या हॉलमध्ये समोर बसणार आहे."

हो म्हटलं. दोघींनाही.

गुरु., ९
फडकेकाका पुन्हा. घर सोडल्याबिडल्याचं नको, पोरंबाळं असतात समोर. पोरंबाळं मागच्या रांगेत फोनवर असतात, हे बोलले नाही.

दोन परिचय लिहिले. एकात हिवाळा आहे, एकात नाही. दोन्ही खोटे वाटतायत. जगाला टोचायला शब्द कमी पडत नाहीत, आणि इथे…

शनि., ११
बटाटेवडे, दीपप्रज्वलन, शाल. माझ्या आधी फडकेकाकांनी माइक घेतला आणि पाहुणीला कळावं म्हणून इंग्रजीत ते वाक्य म्हणाले. मंडळात येणाऱ्या प्रत्येक कर्तबगार बाईला शालीबरोबर मिळतं ते: यांच्या यशामागे यजमानांचा आणि मुलांचा भक्कम पाठिंबा आहे. टाळ्या. बाईंनी शाल मांडीवर उतरवून ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. पहिल्या रांगेत जोन, दोन्ही हात पर्सवर.

कागद टेबलावरच राहू दिले. इंग्रजीतच बोलले, ते साधारण असं: काकांचं निम्मं चुकलं. यजमानांचा पाठिंबा नव्हता, म्हणून बाई हिवाळाभर घर सोडून लिहीत बसल्या. मुलांचं मात्र खरं. नऊ वर्षांच्या मुलीने घर धरून ठेवलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती इथे बसली आहे.

शेवटचं वाक्य नको होतं.

जोन उठून बाहेर गेली. बाई काठी चाचपत राहिल्या, उठता येईना. मग माइकवर एवढंच: "ती आत आली तर वाचेन." आली नाही. श्रीखंड वाढायला घेतलं.

पार्किंगमध्ये काका: "तिरकं नको म्हटलं होतं ना?"
"सरळच होतं, काका. तेच भोवलं."

मंगळ., १४
जोनला दोन मेसेज. वाचलेत. उत्तर नाही.

गुरु., १६
बेसनाचे लाडू केले. उसनी वस्तू रिकामी परत द्यायची नाही, आईचं एवढं वळण अंगात उरलंय. डब्यावर गाळणी ठेवून जोनच्या दारात गेले. आत दोघींचे आवाज. भांडत होत्या की बोलत होत्या, बाहेरून कळेना. एकदा वाटलं, कुणीतरी हसलं. बेलवर बोट ठेवलं, दाबली नाही. डबा पायरीवर ठेवून निघाले.

घरी येऊन चहा केला. दातांनी गाळून.