आनंदाबाईंचा कोपरा

पिपरी मेघे, वर्धा
१२ जानेवारी २०२५

ती. धुरपतावहिनींस,
ज्योत्स्नाचा शि. सा. न. वि. वि.

फोन केला तर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि दादा स्पीकर लावून साऱ्या ओसरीला माझं बोलणं ऐकवतात. म्हणून हे पत्र. पोस्टात एकतीस वर्षं नोकरी केली, एवढा हक्क मला आहे.

आमच्या गोधडी मंडळाचं तुम्हाला ठाऊक आहे. दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात आम्ही अकरा जणी जमतो. महिन्यातून एकदा जिचं जे पुरं झालं असेल ते तिनं सगळ्यांना दाखवायचं. या वेळी आम्ही सगळ्यांनी मिळून शिवलेली मोठी गोधडी पुरी झाली. फेब्रुवारीत वर्ध्याच्या प्रदर्शनात ती टांगायची आहे. जिनं जो भाग शिवला, तिथे तिच्या नावाची पट्टी.

काल ती अंथरली. आमच्या अध्यक्ष छायाबाई, ज्यांना कुणाचं तरी कौतुक केल्याशिवाय चहा पचत नाही, आनंदाबाईंच्या कोपऱ्यापाशी थांबल्या. म्हणाल्या, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी काय हे टाके, जणू मशीनवर घातलेत. आनंदाबाईंनी कोपऱ्यावरून हात फिरवला, कापड उलटवून मागून चाचपलं आणि म्हणाल्या की हे टाके माझे नाहीत, मी दोऱ्याला कधी गाठ मारत नाही, इथे गाठी आहेत. सगळ्या हसल्या. हर्षा म्हणून आमच्यातली सगळ्यांत लहान आहे, तिनं फोनमधला त्यांचाच शिवतानाचा फोटो त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं की या तुम्हीच ना. म्हातारीनं चपला घातल्या आणि ती निघून गेली. मग पाठीमागे सुरू झालं, की विसरायला लागल्या, मुलाच्या कानावर घालायला हवं. छायाबाईंनी तिथूनच त्यांच्या मुलाला, ज्ञानेश्वरला, फोन लावलासुद्धा.

मला हा प्रकार मुळीच आवडला नाही. टाके सरळ दिसले तर मुकाट्यानं पुढे जावं, तेवढंसुद्धा या बायकांना जमत नाही. समाजमंदिराच्या कपाटाला वाळवी लागली म्हणून ती गोधडी दोन आठवडे माझ्या घरी होती. मी जिवापाड सांभाळली, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. सकाळपासून तीनदा ओटा पुसला, तरी डोकं शांत होत नाही.

दादांना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू द्या, वाढवायचा असेल तर तुमच्या वाडीतली वांगी पाठवा.

आपली,
ज्योत्स्ना


तळेगाव (श्यामजी पंत)
१७ जानेवारी

चि. ज्योत्स्नाबाईस,
धुरपताचे अ. उ. आ.

तुह्यं पत्र भेटलं. तुह्या दादाले वाचून दाखवलं. ते मने, घरच्यायनं ऐकलं तं काय बिघडते. वांगे यंदा कीडके निंगाले, तुरीच्या शेंगा मात्र गच्च भरल्या हायेत. एसटीनं धाडीन, सोलेभात करून खाजो.

आता एक गोष्ट इचारू का? गोधडी दोन हप्ते तुह्या घरी होती मनतं. मंग त्या बाईच्या कोपऱ्याले गाठी कोठून आल्या? वाळवी कापड खाते बाई, गाठी मारत नाई.

मी नवी नवरी होऊन आली तवा तू दहा वर्षांची होती. सुट्टीत नागपूरच्या कॉन्व्हेंटातून घरी आलती. माह्या मायनं देल्ली गोधडी मी बाजेवर टाकली, अन् तू तिचा एक काठ उसवून आपल्या हातानं नवा घातला. सिस्टर असंच शिकवते मने. सासूबाईनं तुह्यं लय कौतुक केलं. मीबी हासली. मंग मांगच्या वाडीत जाऊन रडली. हे तुले कधी सांगतलं नाई, सांगाचं कामच नव्हतं. आता पडलं.

खरं काय ते लिहिजो. माया हाय तशीच हाय, खोटं लिहिलं तरी काई आटनार नाई, पण मले समजन.

तुही वहिनी,
धुरपता


पिपरी मेघे
२२ जानेवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला. छप्पन्न वर्षं एक काठ पोटात ठेवायचा आणि नेमका आता बाहेर काढायचा, ही कुठली रीत? मग तो काठ आठवायचा प्रयत्न केला. मला आठवतच नाही, वहिनी. तेच जास्त लागलं. क्षमा हा शब्द माझ्या हातून सहज लिहिला जात नाही, पण लिहिते आहे.

होय, कोपरा मीच उसवला. एक टाका तांदळाएवढा, दुसरा मोहरीएवढा, ओळ निघालेली उत्तरेला आणि पोचलेली भलतीकडेच. सिस्टर आमच्या धावदोऱ्याला पट्टी लावायच्या आणि वाकडं दिसलं की सगळं उसवायला लावायच्या. माझ्या डोळ्यांना अजून तेच वळण आहे. दोन दुपारी बसून मी तो कोपरा नव्यानं घातला. कुणाला कळणार नाही असं वाटलं होतं. नाही, खोटं कशाला, कळलं तर आभार मानतील असं वाटलं होतं.

ज्ञानेश्वरनं आईला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी वार, तारीख, वजाबाकी विचारली आणि वयाच्या मानानं ठीक आहे म्हणाले. तरी तो आता कामावर जाताना गॅस बंद करून जातो, आणि शेजारणीला सांगून ठेवलं आहे की आईला एकटीला फाटकाबाहेर जाऊ द्यायचं नाही. ही बाई दर सोमवारी ऑटो करून एकटी वर्ध्याच्या बाजारात दोरा आणायला जायची.

काल भेटायला गेले. त्यांनी मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, तू शिकलेली आहेस, कुणाची भीड ठेवत नाहीस, तूच सांग, ते टाके माझे आहेत की माझं डोकं खरंच गेलं? आणि मी काय म्हणाले असेन? विश्रांती घ्या म्हणाले. दोन-चार दिवसांत बरं वाटेल म्हणाले.

तेव्हापासून एका जागी बसवत नाही. भाजी अर्धी चिरून ठेवते, कपाट अर्धं आवरते आणि पुन्हा गच्चीवर जाते. त्यांना एकटीला गाठून हळूच सांगून टाकावं असं मनात आहे. चारचौघींत बभ्रा कशाला? तुम्हाला काय वाटतं ते उलटटपाली कळवा. रागावला असलात तरी लोभ मोडू नका.

आपली,
ज्योत्स्ना


तळेगाव
२७ जानेवारी

चि. ज्योत्स्नास,
अ. उ. आ.

एकटीले काय सांगतं? तिले तं पयलेच मालूम हाय. ते टाके आपले नोयत हे त्या हॉलात तिले एकटीलेच समजत होतं. ज्याहिले मालूम नाई त्याहिले सांग. तिच्या पोरासमोर सांग, त्या फोटोवालीसमोर सांग. तुह्यं नाक जाईन, तं जाऊ दे. नाकानं कोणी गोधडी शिवत नाई.

अन् बाया काई मनतीन तवा उलटून बोलू नोको. तुले हे जमाचं नाई, तं तोंडात सुपारी धरून बसजो.

शेंगा धाडल्या. मोकळी झाली का लिहिजो, वाट पाहून राह्यली.

धुरपता


पिपरी मेघे
१७ फेब्रुवारी

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. एक तारखेच्या शनिवारी, आणि ज्ञानेश्वरला आईला घेऊन यायला मुद्दाम बोलावलं होतं. सुपारी होती तोंडात, पण कबुली द्यायला ती काढावी लागली. कोपरा मी उसवला, मी शिवला, आनंदाबाई पहिल्या दिवसापासून खरं बोलत होत्या आणि मी ऐकत बसले होते, एवढंच बोलले. हर्षा फोनमध्ये बघत बसली. छायाबाईंनी लगेच माझा हेतू चांगला होता वगैरे सुरू केलं. मी त्यांना गप्प बसवणार होते, पण त्याआधी आनंदाबाईंनीच हात वर करून थांबवलं.

त्यांनी मला किती दिवस लागले ते विचारलं. दोन दुपारी, म्हणाले. त्या म्हणाल्या, मले सा दिवस लागले होते. डोळ्याले दिसत नाई, तं बोटानं चाचपून चाचपून शिवलं.

तो भाग उसवून पुन्हा तुमच्याकडून घालून घेऊ का, असं छायाबाईंनी विचारलं. त्या नको म्हणाल्या. गेलं ते गेलं, काम हिचं आहे, तर नावही हिचंच लावा. त्यांच्या नावाची पट्टी तिथल्या तिथे काढायला लावली आणि उठल्या. ज्ञानेश्वर गाडी वळवत होता, त्याला म्हणाल्या तू हो पुढे, मी पायी येईन. तो पुढे गेला.

परवा आणि काल प्रदर्शन झालं. दोन ठिकाणी माझंच नाव, आनंदाबाईंचं कुठेच नाही, बाकी प्रत्येकीचं एकेकदा. साहजिकच जो तो विचारतो, तुमचे दोन कसे? माझे दोन नाहीत, असं म्हणून मला पहिल्यापासून सांगावं लागतं. पहिल्या दिवशी एकोणीस वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी थोडं लहान करावंसं वाटायचं आणि प्रत्येक वेळी पुन्हा सगळं सांगायची.

काल दुपारी हिंगणघाटच्या एका बाईंना सांगत होते, की सोबतिणीचं शिवण मी तिला न विचारता उसवलं आणि तिला लोक भ्रमिष्ट म्हणाले तरी गप्प राहिले. त्या बाई गेल्यावर मागे वळले तर आनंदाबाई उभ्या. एकट्या, ऑटोनं आल्या होत्या. नमस्कार नाही, काही नाही. म्हणाल्या, तू एक गोष्ट सोडून देतेस, सहा दिवसांचं सांगत नाहीस.

तेवढ्यात दोन मुली आल्या आणि त्यांनी तेच विचारलं. मी पहिल्यापासून सांगितलं, आणि सहा दिवसांचंही सांगितलं, डोळ्यांना दिसत नव्हतं तेही. आनंदाबाई बाजूलाच उभ्या राहून ऐकत होत्या. मान हलवली नाही. पण माझं सांगून होईपर्यंत गेल्याही नाहीत.

दादांना नमस्कार. हे पत्र त्यांनी स्पीकरसारखं मोठ्यानं वाचलं तरी चालेल. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तसं स्पष्ट कळवा, शिल्लक असेल तर सांभाळून ठेवा.

आपली,
ज्योत्स्ना