ताकाला माप

आत्याबाई, तुमची रवी मी टाकलेली नाही, हे आधी सांगते. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकते आहे. दोरी कुजली म्हणून काढून टाकली, पण लाकूड तसंच आहे, तुमच्या हातांनी गुळगुळीत झालेलं. आता घुसळायला विजेचं यंत्र आहे. वीज गेली की मी एकदा रवीकडे बघते आणि वीज यायची वाट बघत बसते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "हात मोडले का ग तुजे?" हात शाबूत आहेत. सवय मोडली, एवढंच. हे पत्र तुम्हाला पोचणार नाही म्हणून तर लिहायला बसले आहे. पोचणार असतं तर माझी छाती झाली नसती.

मी तुमची सून होऊन आले तेव्हा शहरात, औरंगपुऱ्यातल्या दोन खोल्यांत वाढलेली मुलगी होते. दूध पिशवीतून येतं आणि ताक डब्यात विकत मिळतं, एवढीच माझी गाईगुरांची ओळख. इथे किल्ल्याच्या पायथ्याशी आपलं इवलंसं शेत, दोन लाल गाई, चार शेळ्या, झेंडू-शेवंतीचे वाफे, आणि सकाळी उन्हं अंगणात यायच्या आधी ओट्यावर मांडलेली गल्लीची भांडी. पितळी तांबे, कडीचे डबे, तवंग धरलेली एक किटली. प्रत्येकीचं भांडं तुम्हाला ठाऊक होतं. पहिल्या आठवड्यात तुम्ही मला ताक वाढायला बसवलंत आणि मी शहाणपणा केला. कुणाला कमी-जास्त नको म्हणून घरातून चहाचा कप आणला आणि एकेकीला मोजून दोन कप घालायला लागले. तुम्ही गोठ्यातून शेणाच्या हातांनीच आलात. "ताकाला माप लावतीस व्हय? उद्या इहिरीला कुलूप लावशील!" सगळ्या बायका हसल्या. मी रडकुंडीला आले. मग जवळ येऊन तुम्ही हळूच सांगितलंत, "मानसं जास्त आली तर पानी वाढव. ताक पातळ झालं तर कुनी मरत नाय. भांडं रिकामं गेलं तर घराची अब्रू जाती." तो कप तुम्ही नंतर कोंबड्यांच्या पाण्याला लावलात.

फुलांचंही तसंच. बांधालगतची शेवंतीची ओळ बाजाराला जायची नाही. ती ज्याला लागेल त्याची. मंगळवारी देवीला, गुरुवारी दर्ग्याला, कुणाच्या पोरीच्या वेणीला. एक दिवस सकाळी एक माणूस टोपी हातात घेऊन बांधावर उभा राहिला. मी फुलं खुडता खुडता मोठ्या उत्साहाने विचारलं, "काय कार्यक्रम आहे घरी?" तो म्हणाला, "आई गेली." तुम्ही माझ्या हातातली टोपली घेतलीत, त्याला ओंजळी भरभरून फुलं दिलीत, आणि तो गेल्यावर दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत. संध्याकाळी धारा काढताना, माझ्याकडे न बघता, जणू गाईलाच सांगताय अशा सुरात तुम्ही म्हणालात, "मागायला आलेल्याला कारन इचारू नाय." मी तेव्हापासून कुणालाच कारण विचारलेलं नाही. हा तुमचा एक नियम तरी मी पाळला, असं म्हणायला जागा आहे.

चाचीला तर तुम्ही कधीच काही विचारत नव्हता, कारण तीच सगळं बोलायची. कुंपणापलीकडचं तिचं घर, आणि तिच्या कोंबड्यांना अंडी घालायला आपला कडबाच आवडायचा. तुम्ही माळकरी. अंड्याला हात लावायचा नाही आणि शेजारणीचं अंडं ठेवूनही घ्यायचं नाही, अशी तुमची पंचाईत. मग तुम्ही ज्वारीच्या पाचोळ्यात धरून ते अंडं उचलायचात, ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवायचात आणि ताकाबरोबर चाचीच्या हवाली करायचात. "घे बाई तुजं अंडं! तुजी कोंबडी माजा धरम बुडवती." चाची म्हणायची, "तेरा धरम अंडे से डूबता क्या? मग तर लई हलका हाय!" आणि दोघी गेटपाशी उभ्या राहून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचात. तिचं भांडं मला आजही डोळे मिटून ओळखता येईल. कल्हई उडालेलं, काठाला एक चेप असलेलं पातेलं. ईदला ते शीरखुर्म्याने भरून यायचं आणि तुम्ही आधी मला चाखायला द्यायचात.

आता माझं सांगते. तुम्ही गेल्यावर बरीच वर्षं मी ओट्यावरची भांडी चालू ठेवली, हे खरं आहे. मग गल्लीतल्या बायका एकेक करून कमी झाल्या. कुणी शहरात लेकाकडे गेली, कुणाला पिशवीतलं बरं वाटायला लागलं. तुमचा लेक वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला जातो, तो दिवसा झोपतो नाहीतर दिवसभर नसतो. उरलेलं ताक शेळ्यांना घालण्यापेक्षा किल्ल्यापाशी नेऊन बघू, असं एक दिवस मनात आलं. किल्ला चढून उतरलेली माणसं घामाघूम होऊन येतात. कोथिंबीर, जिरं, मीठ घालून ताक दिलं की "वा, हे खरं गावाकडचं!" म्हणतात. गरज होती म्हणून केलं, असं मी सगळ्यांना सांगते. गरज होतीच. पण तुम्हाला खोटं कशाला सांगू, मला ते आवडायला लागलं. अनोळखी माणसांनी कौतुक केलेलं आवडायला लागलं. मग शेजारी शेवंतीचे गजरे ठेवले. बांधालगतची ओळसुद्धा खुडायला लागले. आणि एक पाटी रंगवून घेतली. तीवर लिहिलंय, 'आजीच्या हातचं ताक'. लोक विचारतात, आजी कुठे आहेत? मी म्हणते, घरी. जी बाई ताक विकणं म्हणजे पाप समजायची, तिलाच मी पाटीवर बसवलं, आत्याबाई.

चाची मात्र येत राहिली. गल्लीत आता भांडं घेऊन येणारी ती एकटीच. यंदा एका रविवारी सकाळी ती गुडघे धरत धरत आली. मी नुकतंच घुसळून सगळं ताक कॅनमध्ये भरलं होतं. सुट्टीचा दिवस, किल्ल्यावर गर्दी होणार होती. कॅन दारामागेच होते, बोटांना लोणी लागलेलं होतं, आणि मी तिला म्हणाले, "चाची, आज घुसळलंच नाही." तिने माझ्या हातांकडे बघितलं. लोणी दिसलंच असणार, पण तोंडावर काही आणलं नाही. "तो रहने दे बेटी. बर्तन ठेवून जाते, कल भर के रख," म्हणाली आणि ते चेपलेलं पातेलं ओट्यावर ठेवून गेली. ताकाला जाऊन भांडं लपवू नये, असं आपण म्हणतो. ती बिचारी भांडं उघडं ठेवून गेली. लपवलं ते ताक, आणि लपवणारी मी.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही नाही. पातेलं ओट्यावर पालथं पडून राहिलं. मी भरून नेऊन द्यायला हवं होतं. कुंपण ओलांडलं की तिचं दार. पण ती आली नाही याचं मला आतून बरंच वाटत होतं, आणि तेच आता जास्त टोचतं. मग एका दुपारी किल्ल्यापाशी तिची सून माझ्यासमोर उभी राहिली. ती पलीकडेच पेरू विकायला बसते. एका हातात नोट, दुसऱ्या हातात पाण्याची रिकामी बाटली. "भाभी, एक गिलास यात ओता. अम्मीला ताप हाय, तोंडात काय घेईना. म्हनती, उसी घर का ताक होना." मी म्हटलं, "बाटलीत कशाला ग?" ती अगदी साधेपणाने म्हणाली, "पातेलं तुमच्याकडंच हाय न्हवं?" गिऱ्हाइकांची रांग होती. एक जण गजऱ्याचा भाव विचारत होता. मी बाटली भरली. तिने नोट पुढे केली आणि माझ्या हाताने ती घेतली. घेतली, गल्ल्यात टाकली आणि वर सुटे मोजून परत दिले. ती गेल्यावर मला कळलं की मी काय केलं. मला तुमच्या आवाजात ऐकू आलं, ताकाला माप लावतीस व्हय?

त्या संध्याकाळी मी यंत्र लावलं नाही. बाजूला काढून ठेवलेलं दही हातानेच घुसळलं. पाण्याचा थेंब न घालता पातेलं भरलं, वर लोण्याचा गोळा सोडला, बांधावर उरलेली चार फुलं खुडली आणि कुंपण ओलांडून गेले. चाची बाजेवर बसून होती. ताप उतरला होता. तिने दोन्ही हातांनी पातेलं तोंडाला लावलं, मिशा पुसाव्यात तसे ओठ पुसले आणि म्हणाली, "वैसाच हाय. तेरी सास का." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, सुटले. तेवढ्यात तिने उशीखालून बटवा ओढला, डोळ्यांजवळ नेऊन त्याची दोरी सोडायला लागली आणि विचारलं, "कित्ते हुए बेटी?"

टोमणा असता तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं, भांडता येतं. तिच्या चेहऱ्यावर तसलं काही नव्हतं. सुनेने पैसे देऊन आणलं म्हणजे आता या घरचं ताक पैशाने मिळतं, एवढं ती समजून गेली होती, आणि तिला ते वावगंही वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "चाची, तुमच्याकडून कसले पैसे?" ती म्हणाली, "शरमाती कायको? तेरा धंदा हाय, मुफ्त में बरकत नै होती." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला लाज वाटली, आत्याबाई. तुम्ही माझ्याशी दिवसभर बोलला नव्हता, त्या दिवशीपेक्षा जास्त.

त्यानंतर पातेलं ओट्यावर आलेलं नाही. मी रोज सकाळी निरोप पाठवते, चाचीला म्हणावं भांडं पाठवा. सून हसून हो म्हणते आणि दुपारी बाटली घेऊन किल्ल्यापाशी येते. मी नको नको म्हणते. ती नोट गिलासाखाली ठेवून जाते आणि संध्याकाळी ती बाकीच्या नोटांत मिसळलेली असते, मला वेगळी काढता येत नाही.

काल ठरवलं, निदान पाटी तरी पुसायची. ताक विकायचं तर विकू, पण तुम्हाला त्यात ओढायचं नाही. घरून फडकं ओलं करून नेलं, पाटीसमोर उभीही राहिले. 'आजीच्या' या शब्दावर फडकं ठेवणार, एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, चार गिलास द्या, आजीच्या हातचं." मी वळले, आणि त्याच फडक्याने गिलास पुसले.