देवमाशाची दवंडी

३ जानेवारी १९३६

कचेरीत आज विलायतेचा हुकूम आला. देवमासे संपत चालले, म्हणून देशोदेशींच्या सरकारांनी करार केलाय — पिलू आणि पिलाची आई, दोघांना मारायचं नाही. एकमेकांच्या उरावर बसणारी ही सरकारं माशाच्या लेकरासाठी एकत्र बसली! बंदरावर इतकी वर्षं कारकुनी केली, असा कागद पाहिला नव्हता.

५ जानेवारी

साहेब दौऱ्यावर. हुकूम नुसता पडून राहिलेला बघवेना. सदू दवंडीवाल्याला घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर गेलो. "मारू नये" एवढंच मिळमिळीत वाटलं, म्हणून पदरचं जोडलं — "हात लावील त्याला शिक्षा!"

रघू खारवी हसला. "देवमासा मारतो कोन हितं? आमी त्याला नारळ देतो." कमळाही घरी हसली. म्हणे, सरकारपेक्षा तुमचाच हुकूम मोठा.

६ जानेवारी

विशेष काही नाही. दवंडीच्या नादात बाजार करायचा विसरलो, त्यामुळे कमळाचा अबोला.

९ जानेवारी

भाट्याच्या वाळूत देवमाशाचं पिलू लागलं — होडीएवढं! ओहोटी लागलेली. बाहेर खोल पाण्यात त्याची आई. पाठ वर यायची, फवारा उडायचा, आणि तो आवाज! माझ्या पोटात घुमत होता. ती काही केल्या जाईना.

सगळा गाव हात जोडून उभा. नारळ, फुलं, उदबत्त्या. पाणी उतरत होतं आणि कोणी पिलाला ढकलेना. मी ओरडलो, तर रघू म्हणाला, "देवाला हात कसा लावू, भाऊ? नि शिक्षा कोन भोगंल? तुमचीच दवंडी."

कमळा हळदकुंकू घेऊन आली होती. गुडघाभर पाण्यात गेली, त्याच्या कपाळाला बोट लावलं आणि थबकली. मग सगळा तळहात ठेवला. "अहो, अंग ऊन लागतंय याचं. मासा कधी ऊन असतो? लेकरू आहे हे. ढकला." पदर खोचून तिनेच आधी खांदा लावला.

मग कोण थांबतो! रघूने होडीचं शीड आणलं, पोटाखालून सारलं, सगळ्यांनी ओढलं. मीसुद्धा — कोट-टोपीसकट! त्याचा श्वास माझ्या तोंडावर आला. पाणी छातीशी आलं तेव्हा ते सुटलं.

आई जवळ आली. केवढी ती! नुसती अंग टाकती तरी आम्ही सगळे बुडालो असतो. पण जपून वळली, पिलाला अंगाशी घेतलं आणि गेली. मी रडलो. लाज वाटली नाही.

१३ जानेवारी

साहेब परतले. हुकूम शिकारी जहाजांसाठी होता. आपल्याकडे नुसता माहितीला आलेला. "दवंडी पिटायला कोणी सांगितलं?" कोणीच नाही, म्हटलं. पुन्हा असं केलं तर नोकरी जाईल, म्हणाले.

संध्याकाळी सदूला निरोप धाडला — उद्या गणपतीपुळे. मजकूर नवा: देवमासा वाळूत लागला, तर हात लावा.