मोगरी अजून लेथवर आहे

प्रिय भिंगरी,

तुझ्या डोक्यात मेंदू आहे की लाकडाचा भुसा, हे एकदा डॉक्टरला दाखवून घे. पार्सलात तीन हत्यारं घातलीस. मला वाचता येत नाही म्हणून कागदावर चित्रं काढून दिलीस. आबांसाठी लोकरीची टोपीसुद्धा कोंबलीस. आणि त्या हत्यारांच्या पात्या ज्या एवढ्याशा चावीने फिरवायच्या, ती चावी तेवढी तुझ्याकडेच राहिली. शाळेत जाताना दप्तर विसरायचीस, डबा मात्र कधी विसरली नाहीस, तीच तू. म्हणून आधीच सांगते, मी तुझी आजी. आठवली असेन तर पुढे वाच.

अक्षर वळणदार आहे म्हणून हुरळून जाऊ नकोस, ते शेजारच्या शिंपिणीचं आहे. मी बोलते, ती लिहिते. तिची अट एकच, शिव्या लिहिणार नाही. तेव्हा 'आबा जरा हट्टी आहेत' असं कुठे दिसलं, तर मी खरं काय बोलले असेन ते तुझं तू समजून घे.

आबा जरा हट्टी आहेत. पार्सल आलं तेव्हा त्यांनी ते उचलून पाहिलं, वजनावरून आत काय आहे ते ओळखलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. टोपी घातली, हत्यारांकडे बघितलं नाही. तू पहिल्यांदा ते कार्बाईडच्या कडक पातीचं हत्यार घेऊन कारखान्यात आलीस तो दिवस मी अजून विसरलेले नाही. आबांनी विचारलं, ह्याला धार कधी लावायची? तू म्हणालीस, कधीच नाही आबा, एक कड बोथट झाली की पाती फिरवायची आणि दुसरी कड वापरायची. त्यावर आबा म्हणाले, ज्याला धार लावावी लागत नाही त्याला हत्यार म्हणत नाहीत, चमचा म्हणतात. आणि वारा होता म्हणून ते दाराला अडसर म्हणून लावलं. तू एप्रन खुंटीला अडकवलास आणि गेलीस. तो एप्रन अजून तिथेच आहे. मी धुवायला काढला तर आबा म्हणतात, असू दे, भिंतीला पोपडे आलेत, तेवढेच झाकले जातात. भिंत मी हात फिरवून पाहिली आहे. पोपडा औषधालासुद्धा नाही.

त्यांचा उजवा हात आजारपणानंतर अजून तसाच लुळा आहे. चमचा धरतात, पण दाबून काही धरता येत नाही. आमची जुनी गोल पटाशी कशी चालवायची हे तुला मी काय सांगणार! दांडा कमरेशी खाली, मनगटाचा पीळ, पात्याची पाठ लाकडावर टेकवून ठेवायची. तो पीळच गेला. इस्पितळातून आल्यावर एकदाच कातायचा लेथ चालू केला, पटाशी लाकडात घुसली, हातातून उडाली आणि खिडकीची काच गेली. त्यानंतर रोज लेथ पुसायचा, तेल घालायचं, समोर स्टुलावर बसायचं आणि बटण दाबायचं नाही. देवळात तरी घंटा वाजवतात. मग एक दिवस जेवताना म्हणाले, फर्निचरवाल्याला लेथ देऊन टाकतो, तो गाडी घेऊन येईल. मला म्हणजे एवढंसुद्धा विचारलं नाही. आमटीत मीठ कमी आहे हे मात्र सांगितलं.

मला काही सुचेना. भांडले, अबोला धरला, जेवण उशिरा वाढलं, काही उपयोग नाही. आमच्या पलंगाची खुंटी सैल झाली होती, नुसती कूस बदलली तरी करकरायचा. खुंटी ठोकायला मोगरी शोधली तर आबांच्या मोगरीचं डोकं उभं तडकलेलं. एवढे महिने तिला तेलाचा हात नाही, करणार काय. मी म्हटलं, नवी मोगरी कातायला हवी. आबा म्हणाले, कात. मी म्हटलं, कातते. खरं सांगू, मला कातायचं नव्हतं. जन्मभर ह्या कारखान्यात ढलप्या झाडल्या, लांब कामाचं दुसरं टोक धरलं, पण हत्यार कधी हातात घेतलं नाही. माझा डाव एवढाच होता की मी त्यांच्यासमोर इतकं वाईट काम करीन की त्यांना बघवणार नाही.

डाव भलताच यशस्वी झाला. वाईट काम करायला मला जराही प्रयत्न करावा लागला नाही. शिंपिणीच्या अंगणातली तुती पडली होती, तिचा एक ठोकळा आणला, लेथच्या दोन टोकांमध्ये चढवला, तुझं चौकोनी पातीचं हत्यार घेतलं आणि आबा धरतात तसा दांडा कमरेशी खाली धरला. कुणाचं बघून शिकलेय शेवटी! ते हत्यार लाकडात असं घुसलं की मला वाटलं दात पडले. ठोकळा उडून कोपऱ्यात. परत चढवला, परत तेच. तुझ्या कागदावर दांडा आडवा, जमिनीशी सपाट काढला आहेस, ते मला दिसत होतं गं. पण हात ऐकेल तर ना. साठ वर्षं एकच पद्धत बघितलेले डोळे, त्यांना चित्र काय समजावणार? आबा पाठ करून बसलेले. पण लाकडाचा आवाज पाठीला ऐकू येतो. तिसऱ्यांदा हत्यार अडकलं तेव्हा भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, दांडा वर. मी वर केला. म्हणाले, एवढा नाही, तू काय पाणी ओततेस? सपाट. टेकणावर सपाट ठेव आणि सरळ आत ढकल. अगं, त्या माणसाने ते हत्यार कधी चालवलेलं नाही! दाराला लावलं होतं! नुसत्या आवाजावरून त्याला कळलं. आणि मला सगळं दिसत असून कळलं नाही. त्या दिवशी मी रागाने भांडी इतकी आपटली की शिंपीण बघायला आली.

पण सपाट धरल्यावर जमायला लागलं. चौकोनाचे कोपरे गेले, ठोकळा गोल व्हायला लागला. लाकूड केसाळ निघत होतं, मांजर घाबरल्यासारखं, पण गोल. मला जरा शिंगं फुटली. आणि तेवढ्यात खट्. पातीची कड उडाली. बघते तर लाकडाच्या पोटात खिळा. इथे शिंपिणीने लिहिणं थांबवलं होतं. म्हणते, हे घालू नका. मी म्हटलं, घालणार. कपड्यांची दोरी बांधायला तिनेच कधीतरी ठोकलेला खिळा, झाडाने गिळून टाकला, आणि तो नेमका माझ्या मोगरीत निघाला. ती म्हणते, झाड तुम्ही फुकट नेलंत, खिळ्यासकट मिळणारच. बरं, लिही.

आता पाती फिरवून दुसरी कड पुढे आणायची, एवढंच काम. स्क्रूचं डोकं बघितलं तर चांदणीसारखं. घरातला एकही पेचकस बसेना. शिंपिणीने मशिनचा आणला, तोही नाही. पार्सलचा खोका उलटा केला, टोपीचं अस्तर चाचपलं, चावी नाही. तेव्हा मी तुला जे बोलले ते शिंपीण लिहिणार नाही. रागारागात बाहेर आले, भाजी चिरली, आणि कारखान्यातून दगडाचा आवाज आला. धावत गेले तर आबा पाती तशीच हत्यारात ठेवून धारेच्या चाकावर लावत होते. सवय गं, दुसरं काय. बोथट दिसलं की धार लावायची. पाती ढिम्म राहिली, चाकाला मात्र खाच पडली. त्यांचं लाडकं चाक, ज्याला मी कधी हात लावलेला चालला नाही. खाचेकडे बघत बसले. मला वाटलं आता हत्यार खिडकीबाहेर जाणार. नवीन काच नुकतीच बसवली होती.

तर नाही. हत्यार डोळ्यांजवळ धरून त्या चांदणीकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, तो खिळा कुठे टाकलास? खिळा व्हाइसमध्ये आवळला, गंज खरवडला आणि डाव्या हाताने कानशीने घासायला लागले. उजवा हात नुसता वर ठेवलेला, वजन म्हणून. घासायचे, स्क्रूत घालून बघायचे, पुन्हा घासायचे. जेवायला बोलावलं तर आलो म्हणाले आणि आले नाहीत. ताट झाकून ठेवलं, मलाही भूक लागली होती, पण कानशीचा आवाज ऐकत बसले. इतक्या महिन्यांत ह्या घरात पहिल्यांदा काहीतरी घडवलं जात होतं, आणि ती मोगरी नव्हती, वाटी नव्हती, तू विसरलेली चावी होती! काट्याने काटा काढतात तशी त्या खिळ्यानेच पाती सुटली. फिरवली, आवळली. चावी जरा पिळवटली आहे, आणखी एखादी खेप टिकेल. तेव्हा खरी चावी पाठव. आणि खरंच विसरली होतीस की मुद्दाम ठेवून घेतलीस? तुझा आजोबाही असाच आहे, सरळ कधी काही करायचा नाही.

त्यानंतर मला लेथजवळ उभं राहू दिलं तर शपथ. माझी मोगरी! माझा डाव! मी म्हटलं, मला शिकू द्या. म्हणाले, तू झाड. हत्यार टेकणावर सपाट, दांडा डाव्या काखेत दाबलेला, उजवा हात नुसता टेकवलेला. त्या हत्याराला पीळ लागतच नाही, सरळ ढकलायचं, आणि तेवढं त्यांना जमतं. डोकं गोल केलं, कडा मारल्या, वर दोन रेघा ओढल्या. पृष्ठभाग केसाळ निघाला त्यावर कपाळाला आठ्या, मग पॉलिश पेपर घेऊन अर्धा दिवस घासत बसले. मी विचारलं, कसं आहे हत्यार? हातातला पेपर झटकला. मग म्हणाले, चमचा बरा आहे.

ह्यावर खूश होऊन नाचू नकोस, पुढे ऐक, कारण खरा वैताग पुढेच आहे. डोकं झालं आणि काम थांबलं. मूठ जाडच्या जाड सोडली आहे, पोळपाटाच्या पायासारखी. मी म्हटलं, मूठ कातून टाका, पलंग करकरतोय, झोप नाही मला. म्हणाले, तुझी नाही ती. मी म्हटलं, मग कुणाची? उठून लेथला तेल घालायला लागले. तुला आपल्या कारखान्याची रीत माहीत आहे, मोगरीचं डोकं कुणीही कातावं, मूठ ज्याची त्याने. दुसऱ्याच्या तळव्याची मूठ हाताला फोड आणते. आणि लेथवर चढवलेलं काम पुरं केल्याशिवाय उतरवायचं नाही, एकदा उतरवलेलं पुन्हा चढवलं की डुगडुगतं. तशातच फर्निचरवाला आला. गाडी दारात, दोन हमाल, दोरखंड. आबा टोपी घालून स्टुलावर बसलेले. म्हणाले, आज नाही नेता येणार, काम चढवलेलं आहे. तो म्हणाला, उतरवा की. आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की बिचारा चहा न पिताच गेला. जाताना मला विचारतो, काम कधी संपणार? मी म्हटलं, ते मला कसं माहीत, मूठ माझी नाही.

आता कळलं असेल हे पत्र का लिहवून घेतलं. आबा तुला बोलावणार नाहीत, जिभेला गाठ बसली आहे त्यांच्या. इस्पितळात तू उशाशी बसली होतीस तेव्हाही ते झोपलेले नव्हते. झोपलेला तुझा आजोबा घोरतो, एवढं तरी तुझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी जेवढं बोलता आलं तेवढं लाकडात सांगितलं आहे, आणि वाचता न येणाऱ्या मला ते वाचता आलं, मग तुला का येऊ नये? तेव्हा ये, एप्रन खुंटीवर आहे, आणि तुझ्या तळव्याची मूठ कात. पण एक सांगते, घाई करू नकोस. मोगरी लेथवर आहे तोवर लेथ घरात आहे. आज थोडी कात, आठ दिवसांनी थोडी, पुढच्या महिन्यात वाटलं तर आणखी जरा. आयुष्यात एकदा तरी काम रेंगाळत ठेव. फर्निचरवाल्याला मी चहा पाजत राहीन. पलंग करकरला तर करकरू दे.

तुझीच,
झोप न झालेली आजी

ता. क. शिंपीण पाकीट चिकटवत होती, तिला थांबवलं. उत्तर लिहू नकोस, ते वाचून दाखवायला पुन्हा हिच्या मिनतवाऱ्या कराव्या लागतील आणि आबा बाजूला बसून न ऐकल्याचं नाटक करतील. खायचं पाठव. मागची कडक बिस्किटं नकोत, ती कातायला लेथच लागतो. बिया काढलेले मऊ खजूर पाठव. येणार नसशील तर दोघांपुरते. येणार असशील तर तिघांना पुरतील एवढे, डबा उघडला की आबांना समजेल.