पहिलं नाव जवळचं

पुणे, ५ जुलै २०२५

चि. सुलक्षणा हिस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोललं की दाजी स्पीकर लावतात आणि अर्धं भाटघर ऐकतं, म्हणून पत्र. इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची यादी नीट भर. वर दोन नावं, मिळाली तर नाचशील अशी. मधे चारपाच, तुझ्या मार्कांत बसणारी. तळाला जवळचं एक, कुठंच नाही लागलं तर घरी बसायला नको म्हणून. धरणाचे दरवाजे उघडले की तू प्रश्न विचारून तुझ्या आईला भंडावून सोडायचीस. तीच मंगलताई जाण्याआधी मला म्हणाली होती, हिला धरणं बांधायला शिकू दे. तेव्हा सिव्हिल सोडू नकोस. माझ्याकडे कॉट रिकामीच आहे.

दाजींना नमस्कार. धाकट्या पप्पूचा माझ्यातर्फे कान पिळ.

तुझी,
माधुरी मावशी

भाटघर, १२ जुलै

ती. माधुरी मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

काल भोरला जाऊन यादी भरली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते, जसं काही माझं लग्नच ठरलंय. नावं तू सांगितलीस तशीच लावली, फक्त एक बदल केला. बाबा म्हणाले, लग्नाची पयली पत्रिका आपण भैरवनाथापुढं ठेवतो, मग पाव्हण्यांना देतो. जवळच्याला तळाला घालणं बरं न्हाई, पयला मान त्याचा. आई गेल्यापासून त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. मलाही वाटलं, वरचं नाव मानापुरतं, मार्क बघून प्रवेशवाले चांगलं कॉलेज देतीलच. म्हणून जवळचं वर घातलं. तिथं सिव्हिल नाही, कॉम्प्युटर लिहिलं.

रागावू नकोस. कॉटवर चादर घालून ठेव.

तुझी लाडकी,
सुलक्षणा

भाटघर, २९ जुलै

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा बाबा शेजारीच होते, म्हणून मी नुसतं हं हं करत राहिले. तू म्हणालीस तेच झालं. पहिलं नाव मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढची नावं कुणी बघत नाही. पुण्याचं सिव्हिल मला सहज मिळत होतं गं.

बाबांनी गावात पेढे वाटले. पुढच्या वर्षी पुन्हा भरायचं तर त्यांना कारण सांगावं लागेल. आईला दवाखान्यात न्यायला उशीर झाला, हे ते अजून मनाला लावून घेतात. त्यात ही भर नको. तुला आईची शपथ, बोलू नकोस.

चादर काढून ठेव. माया मात्र आवरती घेऊ नकोस.

सुलक्षणा

भाटघर, १० ऑगस्ट

सौ. माधुरीताईंस,
गोरखचा नमस्कार.

सुलक्षणा पयल्याच नावाला लागली, भैरवनाथानं मान ठेवला. मंगल असती तर लई हरखली असती. पोरगी रोज घरी येणार, मला आणखी काय पायजे?

पन एक कोडं हाय. हल्ली ती धरणाकडं पाठ करून बसती. काल मी पप्पूला म्हणालो, पुढच्या साली तुझ्या अकरावीच्या यादीत बी पयलं नाव जवळचंच घालू. तर ही ताटावरनं उठली आन् आत जाऊन लई रडली. विचारलं तर सांगत न्हाई. तुमी तिला आईच्या जागी. तुमी विचारा.

माझं काय चुकलं आसंल, तर तेवढं कळवा.

तुमचा,
गोरख