किल्ल्यांचा घोळ

प्रिय चंपा,

अनेक आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? पंढरीरावांची साखर आटोक्यात आहे ना? ऋतिकाच्या बाळाला दात आले का? अंबाडीला सगळे बरे असाल, असं धरून चालते.

माझं डोकं मात्र पार गोंधळलंय बघ. मितेशने दुबईहून बजावलं, "आई, एकटी असतेस. वेळप्रसंगी धावून येतील अशी माणसं आधीच ठरवून ठेव, शेजारी किल्ली दे." खरंच आहे त्याचं. खाली शेडमध्ये कापड विणायचे लूम सुरू असले की मी वर कितीही ओरडले तरी कुणाला ऐकू जायचं नाही. म्हणून शेजारच्या गुणाबाईला किल्ली दिली. तर ती म्हणते, "अगो, शेजारणीचं भांडं रिकामं परत देत न्हाय आपण, मग किल्ली अशीच कशी ठेवून घेऊ?" आणि स्वतःची किल्ली माझ्या हातात! समोरच्या आक्कानेही तेच केलं. खालच्या हिरामणकडे फक्त फोन नंबर मागितला, तर त्याने लूमच्या शेडचीच किल्ली आणून दिली. मी मला सांभाळणारी माणसं शोधत होते की त्यांना सांभाळायला निघाले होते, कळेनासं झालंय.

मागच्या महिन्यात गुणाबाईला चक्कर आली. मी धावले, पण किल्ली काही लागेना. कशी लागेल? हातात आक्काच्या घराची! शेवटी तिनेच भिंत धरत येऊन दार उघडलं आणि वर मलाच पाणी दिलं. म्हणाली, "तुझ्या भरवशावर मेले असते गो!"

हसलीस ना? आता नीट वाच. गेल्या शुक्रवारी मी मोरीत पडले. शुक्रवारची सुट्टी म्हणून लूम बंद होते, हाक ऐकू गेली. गुणाबाईने दार उघडलं, हिरामणने रिक्षात घातलं. आता बरी आहे. पण हृदयाचे ठोके मधेच अडखळतात म्हणे, छातीत मशीन बसवायचं आहे. मितेशला सांगितलं नाही. नवी नोकरी टाकून येईल, नाहीतर मलाच उचलून तिकडे नेईल. सांगावं की नको, सारखं उलटसुलट होतंय मनात.

डॉक्टरांनी विचारलं, जवळ घरचं कोण थांबेल? शेजारणी दोघी बाजूलाच उभ्या होत्या, तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "माझी धाकटी बहीण येईल." तुला न विचारताच बोलून बसले गं. फोनवर सांगायला घेतलं असतं तर रडूच फुटलं असतं, म्हणून लिहिलं. तुझ्या गुडघ्यांना माझा जिना झेपेल का, तेही ठाऊक नाही. येशील का, एवढंच लवकर कळव.

तुझीच,
कमळाताई